रात्रीची गोळी

सांगलीच्या पेठेत अनेक वर्षे दवाखाना चालविणाऱ्या एका डॉक्टरांकडे हळदीचे एक वयोवृद्ध व्यापारी रक्तदाबासाठी येत असत. सकाळी एक गोळी, रात्री एक. "काका, औषधे वेळेवर घेता ना?" डॉक्टर दर वेळी विचारीत आणि काका मान हलवीत. रक्तदाब मात्र उतरत नसे. डॉक्टरांनी रात्रीच्या गोळीची मात्रा दोनदा वाढविली.

पर्युषणानंतर लेक माहेरपणाला आली. कपाटात रात्रीच्या गोळीच्या न फोडलेल्या पट्ट्या पाहून ती चकित झाली. दुसऱ्या दिवसापासून सूर्यास्तापूर्वी ती समोर बसून गोळी देऊ लागली. चौथ्या पहाटे काका अंथरुणातून उठले आणि भोवळ येऊन कोसळले. सुदैवाने हाड मोडले नाही.

डॉक्टर घरी आले, तेव्हा उलगडा झाला. काकांना चौविहार होता. सूर्यास्तानंतर जेथे पाणीही वर्ज्य, तेथे गोळी कोठून? न घेतलेल्या गोळीचा गुण येत नाही म्हणून मात्रा वाढत गेली आणि ती वाढलेली मात्रा एकदम अंगावर आली.

"मग सांगितले का नाही?"

"तुम्हांला वाईट वाटेल म्हणून," काका ओशाळून म्हणाले.

डॉक्टरांनी दोष स्वतःकडेही घेतला. 'हो' म्हणण्यावाचून गत्यंतर नाही, असाच तो प्रश्न होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार विकसित देशांतही दीर्घकालीन आजारांचे सरासरी निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे उपचार घेतात. कोणाला बरे वाटू लागलेले असते, कोणाला खर्च झेपत नाही, कोणाला कॅप्सूलच्या जिलेटिनच्या आवरणाची शंका असते. उपवासात मधुमेहाची गोळी तशीच घेतली तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. परस्पर बंद केली तर ती चढू शकते. यांतील बहुतेक अडचणींना वाट असते. फक्त त्या आधी कानी पडाव्या लागतात.

काकांची मात्रा कमी झाली आणि संध्याकाळच्या जेवणाशी जोडली गेली. व्रतही अबाधित राहिले. डॉक्टर आता सर्वांनाच विचारतात, "गेल्या आठवड्यात किती गोळ्या राहिल्या?"

पुढच्या भेटीत काकांनी प्रश्नाची वाट पाहिली नाही. पेढीवर पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या त्या हातांनी पट्ट्या टेबलावर मांडल्या आणि म्हणाले, "दोन राहिल्या आहेत, मोजून घ्या."