भिशी, गेंडा आणि मामांचा पासपोर्ट

"लुंबिनीला जायचं, वंदना घ्यायची, सरळ घरी यायचं. मध्येच जंगलात कशाला शिरता?"

आमच्या विहारातल्या एका ज्येष्ठ बांधवांनी भर बैठकीत हा सवाल टाकला आणि सगळ्या बायका माझ्याकडे पाहू लागल्या. नेपाळच्या सहलीचा आराखडा मीच तयार केला होता. गोरखपूरपर्यंत रेल्वे, कुशीनगर, सोनौलीची सीमा, लुंबिनी, मग चितवनचे जंगल दोन दिवस आणि शेवटी काठमांडू. पोखरा खर्चामुळे गाळले होते. चितवनही गाळा, दोन दिवसांचे पैसे वाचतील, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा हेतू वाईट नव्हता. धम्मयात्रेचे पिकनिक होऊ नये एवढेच त्यांना म्हणायचे होते.

मी उत्तराची जुळवाजुळव करते आहे तोवर महापालिकेतून सफाई कामगार म्हणून निवृत्त झालेल्या आमच्या एक मावशी उठल्या. म्हणाल्या, "दादा, सत्तावीस वर्षं झाडू मारला. सुट्टी घेतली ती कुणाच्या मयताला नाहीतर कुणाच्या बाळंतपणाला. आता मला गेंडा बघायचाय. माझ्या पैशानं बघायचाय."

बैठक तिथेच संपली. चितवन राहिले.

आता हे पैसे कुठून आले ते सांगते, कारण खरी तयारी तिथेच आहे. मी बी. कॉम. झालेली, एका पतसंस्थेत लिपिक. जेलरोडच्या आमच्या वसाहतीत महिला मंडळाचे काम करते. २०१९ साली आम्ही असाच एक बेत आखला होता. एका सहलवाल्याने स्वस्तात नेतो म्हणून सांगितले. चौदा जणींकडून ५,००० रुपये प्रमाणे ७०,००० रुपये मी गोळा केले आणि त्याच्या हातात दिले. पावती घेतली ती साध्या कागदावर. महिन्याभराने त्याच्या दुकानाला कुलूप. फोन बंद. तक्रार दिली, तिची प्रत अजून माझ्या कपाटात आहे. पैसे काही आले नाहीत.

बायका मला एक शब्द बोलल्या नाहीत. ते जास्त लागले. भांडी-धुणी करणाऱ्या, कंपनीत पॅकिंग करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या या बायका. त्यांनी पैसे सहलवाल्याला दिले नव्हते, मला दिले होते. मी पाटल्या गहाण टाकल्या आणि चौदाही जणींचे पैसे परत केले. आमच्या ह्यांनी तेव्हा हात जोडले, म्हणाले, "समाजकार्य कर, पण दुसऱ्याच्या पैशाला हात लावू नकोस." दुसऱ्यांचे हिशेब तपासणारी मी, आणि स्वतःच्या व्यवहारात साधी चौकशी केली नव्हती. हे लिहितानाही कान तापतात.

म्हणून २०२१ च्या जानेवारीत त्याच बायका पुन्हा दारात आल्या तेव्हा मी नाहीच म्हटले. त्या म्हणाल्या, "ताई, भिशी लावू. पैसे तुमच्याकडे नकोत, बँकेत ठेवू." मग नियम ठरले. बावीस जणी, महिन्याला ५०० रुपये, अठ्ठेचाळीस महिने. खाते मंडळाच्या नावावर, काढायला दोघींच्या सह्या, आणि त्या दोघींत मी नाही. मी फक्त वही लिहिणार. उशीर झाला तर दहा रुपये दंड. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर शिल्लक मोठ्याने वाचायची. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तर आकडा आधी पाठ असायचा.

डिसेंबर २०२४ मध्ये ५,२८,००० रुपये जमा झाले. माणशी २४,०००. या खेपेला सहलवाला निवडताना त्याच्याबरोबर आधी जाऊन आलेल्या तीन कुटुंबांच्या घरी जाऊन बसलो. जेवण कसे होते, आचारी बरोबर होता का, खोलीत किती जण कोंबले, सारे विचारले. माणशी २३,५०० ठरले. तेही एकदम नाही. आधी ३,०००, मग ७,०००, निघण्यापूर्वी ८,५०० आणि उरलेले ५,००० गोरखपूरला बसमध्ये बसल्यावर. तो कुरकुरला. आम्ही उठू लागलो तसा तयार झाला. वाचक भगिनींनो, सहलीला जा, जरूर जा, पण सगळे पैसे आधी देऊ नका.

मग कागदपत्रांचा गोंधळ. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, १९५० च्या तहापासून ये-जा मोकळी आहे. परंतु ओळख पटवावी लागते आणि ती पासपोर्टने किंवा निवडणूक ओळखपत्राने. आधार कार्ड चालते ते पंधरा वर्षांखालच्या मुलांना आणि पासष्टच्या वरच्या माणसांना. आमच्या बायकांची आधार कार्डे जपून प्लॅस्टिकमध्ये आणि निवडणूक ओळखपत्रे कुठेतरी डब्यात. एकीचे सापडले तर त्यावर माहेरचे नाव. दुसरीचे वय नवऱ्याहून नऊ वर्षांनी जास्त. नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा निवडणूक आटोपल्यावर आठ जणींचे ८ नंबरचे फॉर्म भरले. मतदानाचा हक्क आपल्याला कसा मिळाला हे आपण दर १४ एप्रिलला भाषणात सांगतो, आणि त्या हक्काच्या कार्डावर आपले नाव धड आहे का हे बघत नाही. माझ्याही कार्डावर फोटो कोणाचा आहे ते ओळखू येत नव्हते.

या सगळ्यात आमच्या मामांनी वेगळाच हट्ट धरला. मामा म्हणजे माझ्या आईचे भाऊ. वय एकाहत्तर. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमधून निवृत्त. आपल्या देशाचे पासपोर्ट तिथेच छापले जातात हे पुष्कळांना ठाऊक नसते. मामा आणखी तीन पुरुषांसह आमच्याबरोबर येणार होते, स्वतःच्या पेन्शनच्या पैशाने. मी म्हटले, "मामा, तुम्हाला तर आधार कार्डसुद्धा चालतं." ते म्हणाले, "मला पासपोर्टच पाहिजे. जन्मभर दुसऱ्यांसाठी छापला. एकदा माझं नाव त्यात बघू दे."

१,५०० रुपये शुल्क, त्यात ज्येष्ठ म्हणून दहा टक्के सूट. पोलीस चौकशीला हवालदार घरी आला तर मामांनी त्यालाच कागद, शिलाई आणि पाण्याचे ठसे यांवर व्याख्यान दिले. पाकीट आले त्या दिवशी मामांनी हात साबणाने धुतले, पुसले, मग पुस्तिका उघडली. पहिले पान वाचले नाही, बोटाने शिवण चाचपली. "बरोबर बसलीय," एवढेच म्हणाले.

शरीराची तयारी त्रिरश्मी लेण्यांवर केली. सुमारे दोनशे पायऱ्या. जानेवारीपासून दर रविवारी सकाळी चढायचे. जंगलात चपला चालणार नाहीत, पाय झाकणारे बूट हवेत, असे सहलवाल्याने बजावले होते. बऱ्याच जणींनी जन्मात बूट घातले नव्हते. मेन रोडवरून कॅनव्हासचे बूट आणले आणि पहिल्या रविवारी निम्म्या बायका बूट हातात घेऊन खाली उतरल्या! कपड्यांचेही तसेच. लुंबिनीला पांढरी साडी, हे ठरलेले. पण जंगलात पांढरे, लाल, भडक काही नको, अत्तर नको, गजरा नको. मातकट, हिरवे, खाकी रंग हवेत. खाकी म्हटल्यावर सफाई कामगार मावशी हसून म्हणाल्या, "ते माझ्याकडं आहे, म्युन्सिपाल्टीचं."

लेण्यांवर एकदा चढून बसलो असता मी दहाव्या लेण्यातल्या लेखाची गोष्ट सांगितली. नहपान राजाचा जावई उषवदात याने भिक्खूंसाठी तीन हजार कार्षापण ठेव ठेवली. ठेवली कुठे? आपल्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींत. दोन हजार एकीत, महिना शेकडा एक दराने. एक हजार दुसरीत, शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, आणि त्या व्याजातून वर्षावासातल्या वीस भिक्खूंना वस्त्रांसाठी बारा-बारा कार्षापण. हे सगळे दगडात कोरून ठेवले. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वी! पतसंस्थेतली बाई मी, मला त्या लेखाचे फार कौतुक. लुंबिनीला अशोकाचा जो स्तंभ १८९६ साली सापडला, त्यावरही याच ब्राह्मी लिपीत राज्याभिषेकाच्या विसाव्या वर्षी स्वतः येऊन गेल्याची आणि गावाचा कर कमी करून आठवा हिस्सा केल्याची नोंद आहे. म्हणजे तिथेही हिशेबच. जाण्यापूर्वी एवढे प्रत्येकीला माहीत असावे असे मला वाटत होते. नुसता फोटो काढून येण्यात काय अर्थ? काठमांडूबद्दल सांगायला कष्ट पडले नाहीत. नागपूरच्या दीक्षेनंतर महिन्याभरात, नोव्हेंबर १९५६ मध्ये, बाबासाहेब प्रकृती ढासळलेली असताना तिथल्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते, हे आमच्या बायकांना तोंडपाठ होते.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका संध्याकाळी मावशी आल्या. त्याच, गेंडा बघायचाय म्हणणाऱ्या. चहा नको म्हणाल्या तेव्हाच मला शंका आली. अंबडच्या कारखान्यात त्यांचा मुलगा कंत्राटावर होता. काम थांबले. घरभाडे, नातवंडांची फी. "ताई, माझं काय उरलंय ते काढून द्या. भरले ते गेले तर गेले." त्यांचे १०,००० भरून झाले होते, १४,००० बँकेत होते.

मी दुसऱ्याच दिवशी पैसे दिले. पैसे त्यांचे होते, त्यात विचारायचे काय? पण रविवारी त्या लेण्यांवर आल्या नाहीत आणि सगळ्यांना कळले. मग त्यांनीच एक तोड सुचवली, आचाऱ्याच्या हाताखाली पोळ्या लाटते, तेवढे पैसे सहलवाल्याने कमी करावेत. काहींना ते पटले. मला मुळीच पटले नाही. जन्मात एकदा घराबाहेर पडणारी बाई, तिने तिथेही चुलीपुढेच बसायचे? यावर आमच्यात चांगलेच वाजले. एक जण मला म्हणाली, "ताई, तुमचा पगार चालू आहे म्हणून तुम्हाला हा मान सुचतो." तिचे अगदीच चूक नव्हते. मी गप्प बसले.

शेवटी वहीनेच मार्ग काढला. चार वर्षांच्या दंडाचे ३,५०० रुपये जमा होते. पाच जणींनी खरेदीसाठी ठेवलेल्यातून दोन-दोन हजार काढले. झाले १३,५००. मदत म्हणून मावशींनी घेतले नसते हे आम्ही जाणून होतो, म्हणून कर्ज. महिना ५०० प्रमाणे सत्तावीस हप्ते. व्याजाचे काय, असे मावशींनीच विचारले. कुणीतरी मागून म्हणाले, "उषवदाताच्या दरानं, शेकडा एक!" मावशी म्हणाल्या, "स्वस्त आहे. आमच्या गल्लीतला शेकडा पाच घेतो." व्याज अर्थातच लावले नाही. सही करताना त्यांनी अंगठा पुढे केला नाही, साक्षरता वर्गात शिकलेले नाव लिहिले, वेलांटीसकट.

बाकी तयारी किरकोळ. २०१८ च्या अखेरीस नेपाळने आपल्या शंभराच्या वरच्या नोटांवर बंदी घातली होती, म्हणून सगळ्यांनी शंभराच्या नोटा जमवल्या. हे नियम बदलत असतात, जाण्याआधी बँकेत विचारून घ्यावे. आपले शंभर म्हणजे तिथले एकशेसाठ, आणि घड्याळ पंधरा मिनिटे पुढे. रक्तदाबाच्या गोळ्या चिठ्ठीसकट, डासांचे मलम, शेंगदाण्याची चटणी, दशम्या. मार्चमध्ये रात्री उशिरा नाशिकरोड स्टेशनवर सव्वीस जण आणि त्यांना पोहोचवायला शंभर.

सोनौलीला मामांनी शर्टाच्या आतल्या खिशातून पासपोर्ट काढला आणि उघडून पुढे धरला. अधिकाऱ्याने नाव पाहिले, हसून परत दिला. "शिक्का?" मामांनी विचारले. भारतीयांना शिक्का लागत नाही, असे उत्तर आले. मामा दोन मिनिटे तिथेच उभे होते.

चितवनमध्ये सौराहाला गाईडने आधी सगळ्यांना बसवून समजावले. गेंड्याला नजर कमी, पण नाक-कान तिखट. अंगावर आला तर सरळ पळू नका, वाकडेतिकडे पळा, जमले तर झाडावर चढा. साठीच्या बायका एकमेकींच्या गुडघ्यांकडे पाहू लागल्या. आम्ही जीपमध्ये होतो, तशी वेळ आली नाही. २०२१ च्या गणनेत नेपाळात ७५२ गेंडे मोजले गेले, त्यांतले ६९४ एकट्या चितवनात. आम्हाला दिसले तीन. आई, पिल्लू आणि दूर गवतात एक पाठ. पिल्लू चिखलात लोळत होते. जीपमध्ये कुणी बोलले नाही. मावशींनी पदर तोंडावर धरला होता. परत आल्यावर त्या म्हणाल्या, "केवढं मोठं, आणि नुसतं बसलंय. कुणी काम सांगत नाही."

माणशी ५०० रुपये उरले. नव्या भिशीत तोच पहिला हप्ता धरला. आता श्रीलंकेचे ठरते आहे, तिथे पासपोर्ट लागतो आणि शिक्काही मारतात. बायकांचे फॉर्म भरायला मामा दर शनिवारी दुपारी विहारात बसतात. आपला स्वतःचा पासपोर्ट नमुना म्हणून समोर ठेवतात, पण कुणाला हात लावू देत नाहीत.