दिवेआगरच्या वाडींत आठ दिवस

पुण्याहून निघून ताम्हिणी घाट उतरला, माणगांव मागें टाकलें आणि म्हसळ्याचा वळणावळणांचा रस्ता सुरू झाला, कीं हवेंतील कोरडेपणा जाऊन अंगाला दमटपणा जाणवूं लागतो. मोटारींत मागें बसलेलीं आमचीं दोन नातवंडें तोंपर्यंत "आजोबा, अजून किती?" असें विचारून विचारून थकलेलीं असतात. बोर्लीपंचतन ओलांडलें, कीं माडांचे शेंडे दिसूं लागतात. माझीं मुलें लहान होतीं तेव्हां मी त्यांना येथें सांगत असें, "तें सगळें हिरवें दिसतें ना, तें आपलें गांव!" तीच खूण नातवंडांना सांगतांना आतां शब्द क्षणभर अडतो, कारण त्या हिरव्यामध्यें जागोजाग आकाश दिसतें. असें कां, तें पुढें सांगतों.

दिवेआगर हें रायगड जिल्ह्यांतील श्रीवर्धन तालुक्यांतलें समुद्रकांठचें गांव. १९४८ पर्यंत हा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दीच्या संस्थानांत होता. गांव मात्र त्याहून पुष्कळ जुनें. येथें सांपडलेला मराठी ताम्रपट शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा आहे. आणि रूपनारायणाच्या देवळांतील सुंदर विष्णुमूर्ती पाहिली, म्हणजे शिलाहारांच्या काळीं या लहानशा गांवाचें वैभव केवढें असेल याची कल्पना येते. हल्लीं प्रवासी पुष्कळ येतात. देवदर्शन करतात, समुद्रांत डुंबतात, मोदकांचें जेवण जेवतात आणि दुसऱ्या दिवशीं परततात. परंतु गांवाचें खरें आयुष्य रस्त्यावरून दिसत नाहीं. तें घरांच्या मागें, वाडींत आहे.

आमचें घर तेथील इतर जुन्या घरांसारखेंच. पुढें खळें, मग पडवी, ओटी, माजघर. मागीलदारीं विहीर आणि विहिरीपासून पश्चिमेकडे अरुंद पण लांबच लांब गेलेली वाडी. वाडी संपते तेथें सुरूचें बन आणि बनापलीकडे समुद्र. रात्रीं माजघरांत निजलें तरी त्याची गाज ऐकूं येते. वाडी म्हणजे एक चार मजली घरच म्हणावें. सर्वांत वर माड, त्यांच्या खालीं पोफळी, पोफळींच्या अंगावर मिरीचे वेल, खालीं जायफळ, केळी आणि अगदीं जमिनीलगत अननस. प्रत्येकाच्या वांट्याला येणारें ऊन वरच्यानें गाळून खालीं सोडलेलें असतें.

या घरांत माझे वडील बंधू राहतात. त्यांना आम्ही दादा म्हणतों. त्यांनीं नुकतीच ऐंशी ओलांडली. वहिनी पंचाहत्तरीच्या. पुतण्या वाडी पाहतो; त्याची पत्नी गांवांतल्याच शाळेंत शिकविते. त्यांचीं दोन मुलें. सुटींत आम्ही गेलों, कीं मुलें चार होतात, आणि पहाटेपासून निजेपर्यंत घरांत कोणाच्या ना कोणाच्या नांवाचा पुकारा चाललेला असतो.

दिवस उजाडतो तो वहिनींच्या खराट्याच्या आवाजानें. मऊभात, लोणचें आणि भाजलेला पापड अशी न्याहारी झाली, कीं मुलें मोठ्या आजोबांबरोबर वाडीच्या फेरीला निघतात. दादांची फेरी म्हणजे शाळेंतील हजेरीच होय. प्रत्येक झाडापाशीं थांबावयाचें, वर पाहावयाचें, आळ्यांतील ओल पायाच्या अंगठ्यानें चांचपावयाची. मोठ्या मुलांनीं पडलेल्या झावळ्या ओढून विहिरीपाशीं आणावयाच्या, आणि धाकट्यांनीं उन्हानें गळालेल्या कोंवळ्या सुपाऱ्या वेंचावयाच्या. कोणत्या झाडाखालीं किती गळ आहे, यावरून कोणाला पाणी कमी पडतें तें दादा ओळखतात. आमची चार वर्षांची नात एका वेळीं एकच सुपारी आणते, आणि ती दादांच्या तळहातावर ठेवल्यावांचून दुसरी उचलीत नाहीं. त्यामुळें फेरीला दीड तास लागतो. एकदां मी म्हणालों, "दादा, तुमचा फार वेळ मोडते ही."

"अरे, आतां वेळ कशासाठीं राखून ठेवूं?" ते म्हणाले, आणि तळहात तसाच पुढें धरून उभे राहिले.

पोफळीची वाळलेली विरी खालीं पडली, कीं मुलांची गाडी तयार. एकानें विरींत बसावयाचें आणि दुसऱ्यानें झावळीचें टोंक धरून ओढावयाचें. आम्हीही लहानपणीं हेंच केलें. तेव्हां विहिरीवर रहाट होता. रेडा गोल फिरे, लोटे भरून वर येत, आणि पन्हळींतून पाटांत व पाटांतून आळ्यांत पाणी खळखळत जाई. रेड्याला हांकण्याचें काम आम्हां मुलांकडे. बसल्या बसल्या डुलकी लागली, कीं रेडा थांबे, रहाटाची कुरकुर थांबे आणि आंतून वडिलांची हांक येई. आतां विजेचा पंप आहे आणि पाटांच्या जागीं नळ्या आहेत. पुण्याहून येतांना आमच्या सात वर्षांच्या नातवानें मोबाइल बरोबर आणला होता. पहिले दोन दिवस तो त्याला सोडवेना. तिसऱ्या दिवशीं विरीच्या गाडीवरून त्याची चुलतभावाशीं मारामारी झाली, तेव्हां मुलगा मार्गाला लागला असें समजून आम्ही निश्चिंत झालों.

दुपारीं जेवणें झालीं, कीं मागच्या पडवींत रातांब्यांचा ढीग ओतला जातो. साल निराळी, बिया निराळ्या; सालें उन्हांत वाळवून आमसुलें करावयाचीं. चारही मुलें वहिनींच्या भोंवतीं बसतात, आणि घटकाभरांत हात, कोपरें, कपडे सगळें तांबडें होतें. तिन्हीसांजेला दिवा लागला, कीं तींच मुलें हातपाय धुवून ओटीवर रांगेनें बसून शुभंकरोति आणि पाढे म्हणतात. ओळींत एखादा पाढा चुकला, तर झोपाळ्यावरून दादा नुसते खांकरतात, तेवढें पुरतें.

ज्या वाडींत हें सगळें चालतें, ती एके दिवशीं दुपारीं जवळजवळ नाहींशी झाली होती. ३ जून २०२० रोजीं, ज्येष्ठ शुद्ध द्वादशीला, "निसर्ग" नांवाचें चक्रीवादळ या किनाऱ्यावर चढलें. वाऱ्याचा वेग ताशीं शंभर किलोमीटरांच्या वर होता. तें करोनाच्या टाळेबंदीचें वर्ष. आम्ही पुण्यांत अडकलेलों. वीज गेली, फोन बंद पडले. चौथ्या दिवशीं पुतण्यानें कोठल्याशा टेंकाडावर जाऊन फोन लावला. त्याचीं दोनच वाक्यें ऐकूं आलीं: "माणसं सगळी ठीक आहेत. वाडी नाही."

पोफळ बारीक व लवचिक असते. वाऱ्यांत ती वांकते आणि पुष्कळदां पुन्हां उभी राहते. पण उंच माड तिच्यावर आडवा पडला, कीं त्या एका माडाखालीं पांच-सात पोफळी मोडतात. आमच्या ३५० पोफळींपैकीं ६० उभ्या राहिल्या आणि ९० माडांपैकीं ३१. त्या पोफळींवर पूर्वी सुपारी उतरविणारा गडी एकदां चढला, कीं खालीं न येतां शेंडा वांकवून या झाडावरून त्या झाडावर जात असे. आतां त्याला प्रत्येक झाडासाठीं जमिनीवर यावें लागणार होतें.

त्या पावसाळ्यांत मी दादांना एक पत्र लिहिलें. आज त्याची आठवण झाली, कीं संकोच वाटतो. मीं लिहिलें होतें कीं, पोफळ लावल्यापासून फळ धरावयास सहा-सात वर्षें लागतात, माडालाही साधारण तितकींच. तुमचें वय पाहतां आतां नवी लागवड करण्यांत अर्थ नाहीं. जागेला गिऱ्हाईक आलें आहे, किंमतही चांगली आहे. तिघां भावांनीं वांटून घ्यावें. मुंबईच्या धाकट्या भावाचें मत माझ्यासारखेंच होतें. गणितांत चूक नव्हती. चाळीस वर्षें मुलांना शिकविलेल्या माणसाचें गणित सहसा चुकत नाहीं. चूक होते ती उदाहरण समजण्यांत. दादांचें उत्तर तीन ओळींचें आलें: "पत्र पोंचलें. जागा तिघांची आहे, तेव्हां विकण्यास माझी हरकत नाहीं. मात्र सुपारीचीं रोपें रुजत घातलीं आहेत. तीं लावून होईपर्यंत थांबावें."

आम्ही थांबलों. थांबलों तें समजून नव्हे, तर वडील भावापुढें बोलवेना म्हणून.

त्यानंतर काय झालें तें यंदा रातांबे फोडतां फोडतां वहिनींनीं सांगितलें. "भावोजी, झाडं पडली ती त्याच दिवशी दिसली. पण सावली गेली, ते पुढच्या उन्हाळ्यात कळलं." उभ्या राहिलेल्या पोफळींना जन्मापासून माडांच्या सावलीची संवय. तीं उघडीं पडलेलीं खोडें पश्चिमेच्या उन्हानें भाजून चिरलीं, आणि वादळांतून वांचलेलीं कांहीं झाडें अशा रीतीनें पुढें गेलीं. नव्या रोपांचीं पानें पिंवळीं पडलीं. पहिल्या खेपेचीं अर्धीं रोपें मेलीं. मग दादांनीं प्रत्येक रोपाच्या बाजूस केळ लावली. केळ वर्षाच्या आंत पुरुषभर वाढून डोक्यावर पान धरते. तिच्या आडोशाला दुसरीं रोपें जगलीं. तोंवर घर चाललें तें रस्त्याकडच्या दोन खोल्यांत उतरणाऱ्या प्रवाशांवर. त्यांचा स्वयंपाक वहिनी आणि सूनबाई करीत. आणि त्या पैशांतून वाडीची मजुरी भागे.

आतां त्यांतल्या दोन-चार पोफळींना पहिली पोय फुटून बारीक हिरव्या सुपाऱ्या धरल्या आहेत. दादांनीं मला तेथें नेलें. पण त्यांचें लक्ष सुपारीकडे नव्हतें. ते केळींकडे बोट दाखवून पुतण्याला म्हणाले, "ह्या यंदा काढ. आतां ठेवल्यास, तर झाड उन्हाच्या आशेनं नुसतं किडकिडीत वर जाईल." सावली देणें जितकें जरूर, तितकेंच ती वेळेवर काढून घेणेंही जरूर असतें, हें मला ठाऊक नव्हतें. मागाहून कळलें, कीं वाडीच्या हिशेबाची वही दादांनीं गेल्या पाडव्यालाच पुतण्याच्या हातीं दिली, आणि तेव्हांपासून एकदांही उघडून पाहिली नाहीं.

संस्कृतांत सुपारीला "पूग" म्हणतात. आणि "पूग" म्हणजे समूह, असाही अर्थ कोशांत दिलेला आहे. हे दोन्ही अर्थ मीं वर्षानुवर्षें मुलांकडून पाठ करून घेतले. त्यांची व्युत्पत्ति विद्वान् लोक काय लावतील ती लावोत. मला त्यांचा संबंध दिसला तो या वाडींत. पोफळ एकटी वाढत नाहीं. तिला वर कोणी तरी लागतें, शेजारीं कोणी तरी लागतें, आणि कांहीं काळानें वरच्यानें थोडें बाजूला व्हावें लागतें. एकत्र कुटुंबाविषयीं वादविवाद पुष्कळ ऐकले आणि केलेही. परंतु त्यांतील पहिल्या दोन गोष्टी सांगणारे फार आणि तिसरी करणारे थोडे.

निघण्याच्या आदल्या रात्रीं मुलें निजल्यावर मी ओटीवर दादांजवळ बसलों आणि म्हणालों, "दादा, तें पत्र मीं लिहायला नको होतं."

"कां? त्यांत खोटं काय होतं? हीं फळं मी फारशी पाहणार नाहीं, हें खरंच आहे. पण आपण ज्या माडांचे नारळ खाल्ले, ते आजोबांनीं लावले होते. त्यांनीं त्यांतले किती खाल्ले?" थोडा वेळ झोपाळ्याच्या कड्यांचाच आवाज होत राहिला. मग ते हंसून म्हणाले, "एकाच ठिकाणीं चुकलास. 'तुमचें वय पाहतां' असं लिहिलंस. पोरांचं वय पाहायचं होतं."

वाडीचा प्रश्न सुटला, असें मी म्हणत नाहीं. धाकट्या भावाला पैशाची खरोखरच गरज आहे, आणि त्याचा वांटा त्याला मिळाला पाहिजे. तो कसा द्यावयाचा तें दिवाळींत तिघांनीं बसून ठरवावें लागेल. पुतण्याचीं मुलें पुढें वाडींत राहतील कीं शहरांत जातील, हेंही कोणी सांगावें? मीं माझ्यापुरतें एवढेंच केलें, कीं माझा वांटा विकण्याविषयींचें म्हणणें मागें घेतलें, आणि तसें धाकट्याला दुसऱ्याच दिवशीं फोनवर सांगितलें. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दिवाळीला येतों."

निघण्याच्या दिवशीं सकाळीं पुतण्यानें चारही मुलांना एकेक जागा आंखून दिली आणि त्यांनीं आपापला खड्डा खणला. रोप पावसाळ्यांत लावावयाचें. आमच्या नातवानें विचारलें, "याला सुपारी कधी लागेल?"

"तूं चौदा वर्षांचा होशील तेव्हां," दादा म्हणाले.

त्यानें बोटांवर मोजलें, खड्ड्याकडे पाहिलें आणि हिशेब पटल्यासारखी मान हलविली.

मृगाचा पाऊस पडल्यावर पुतण्याचा फोन आला, कीं चारही रोपें लागलीं. नातवानें माझ्या हातांतून फोन घेतला. मला वाटलें, आपलें रोप केवढें आहे असें विचारील. त्यानें विचारलें, "काका, शेजारी केळ लावली ना?"