माफी मागितली, पुढे काय?

लंडनमध्ये एखाद्या नेत्याने माफी मागितली की त्रास त्या माफीचा होत नाही, समोरच्या पक्षात लगेच उसळणाऱ्या नैतिक संतापाचा होतो. मजूर पक्षात ज्यूद्वेष सापडला की हुजूर पक्ष खवळतो. हुजूर पक्षात मुस्लिमद्वेष सापडला की मजूर पक्ष. नाशिककरांना हे चित्र परके वाटणार नाही. २०२२च्या डिसेंबरात चंद्रकांत पाटील यांनी फुले-आंबेडकरांच्या शाळांबद्दल ‘भीक’ हा शब्द वापरला आणि मग दिलगिरी व्यक्त केली. मे २०२४मध्ये महाडला मनुस्मृतीविरोधी आंदोलनात जितेंद्र आव्हाड यांच्या हातून डॉ. आंबेडकरांचे छायाचित्र फाटले. त्यांनी लगेच जाहीर माफी मागितली. दोन्ही वेळी निदर्शने झाली, फक्त निदर्शने करणारे आणि पाठराखण करणारे यांनी जागा बदलल्या होत्या. आव्हाडांचा हेतू पाहा, असे सांगणारा एक ठळक आवाज मात्र विरोधी गोटातून आला, येवल्याचे आमदार छगन भुजबळ यांचा. या साऱ्या गदारोळात मला सर्वांत मोलाचा वाटला तो हाच आवाज, कारण त्यात पक्षाचा फायदा नव्हता.

आरोपालाही हीच कसोटी लावायला हवी. मजूर पक्षातल्या ज्यूद्वेषाबद्दल विरोधकांनी केलेल्या भाषणांपेक्षा, त्याच कारणाने फेब्रुवारी २०१९मध्ये पक्ष सोडणाऱ्या खासदार लुसियाना बर्जर यांचे म्हणणे मला अधिक वजनाचे वाटते. सईदा वारसी वर्षानुवर्षे स्वतःच्याच हुजूर पक्षाला मुस्लिमद्वेषाबद्दल जाब विचारत राहिल्या. या दोघींनी बोलण्याची किंमत मोजली. यावर आक्षेप असा, की ज्यूद्वेषाचा आरोप पॅलेस्टाइनच्या बाजूने बोलणाऱ्यांचे तोंड बंद करायला वापरला जातो. तो वापरला जातो, हे खरेच. पण ब्रिटनच्या समता आणि मानवी हक्क आयोगाच्या ऑक्टोबर २०२०च्या अहवालाने इस्रायल सरकारवरील रास्त टीकेला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण असल्याचे स्पष्ट सांगितले, आणि तरीही मजूर पक्षाने समता कायदा मोडल्याचा निष्कर्ष काढला. दुसरा आक्षेप मला अधिक पटतो: कीअर स्टार्मर यांनी पक्षनेते म्हणून ज्यूद्वेष हटवण्याच्या मोहिमेचा उपयोग पक्षातल्या डाव्यांना बाजूला सारण्यासाठीही केला. डाव्या गटातल्या खासदार डायेन ॲबट यांनी एप्रिल २०२३मध्ये ज्यूंना सोसाव्या लागणाऱ्या वंशद्वेषाला कमी लेखणाऱ्या आपल्या पत्राबद्दल त्याच दिवशी माफी मागितली, तरी त्यांना वर्षभराहून अधिक काळ निलंबित ठेवले, हा अन्यायच होता. तरीसुद्धा पक्षाला सुधारणेचा आराखडा आयोगापुढे ठेवावा लागला आणि फेब्रुवारी २०२३पर्यंत आयोगाची देखरेख सोसावी लागली. याउलट, हुजूर पक्षाने मुस्लिमद्वेषाबाबत स्वतःच नेमलेल्या स्वरण सिंग चौकशीचा अहवाल मे २०२१मध्ये आला. त्यात बुरखाधारी स्त्रियांना टपालपेटीची उपमा देणाऱ्या बोरिस जॉन्सन यांनी कुणी दुखावले असेल तर क्षमस्व, एवढ्यावर विषय संपवला. बाहेरचा परीक्षक असला आणि नसला, तर किती फरक पडतो तो इथे दिसतो.

आपल्याकडे असा परीक्षक नाही. म्हणून हे काम मतदारांनाच करावे लागेल, तेही आपण ज्याला मत देतो त्या पक्षाबाबत. तुमच्या नेत्याने माफी मागितली असेल, तर त्यानंतर पक्षाने काय केले, हे पुढच्या सभेत तुम्हीच उभे राहून विचारा.