अनोळखी दम

मुदखेडच्या मळ्यांत पहाटे गुलाब तोडतात तेव्हा कात्रीचा आवाज आधी येतो, माणूस मागाहून दिसतो. दवानं जड झालेली फुलं पाटीत पडत असतात, नांदेडच्या बाजाराची घाई असते, आणि तिकडे जंक्शनवर एखादी गाडी दम खात उभी असते. त्या वासाबरोबर मला हटकून ते मैदान आठवतं.

1996 चा हिवाळा. नांदेडचं विद्यापीठ होऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. आंतरमहाविद्यालयीन कबड्डीत आमच्यासमोर किनवटकडचा संघ आला, आदिलाबादच्या छोट्या लाईननं, सागाच्या जंगलातून हलत-डुलत. याआधी आमची गाठ कधी पडली नव्हती. जवळपासच्या पोरांच्या खोडी आम्हांला पाठ. कोण बोनसला भुलतो, कुणाचा डावा पाय आधी निघतो. यांचं काहीच ठाऊक नव्हतं.

पाणी मारून चोपलेली माती, चुन्याच्या रेषा, आणि रेषेपलीकडे सात अनोळखी चेहरे. एकमेकांचे हात धरून ते गोरमाटी बोलीत काही बोलत, हसत. मध्यरेषा ओलांडली की श्वास आपला राहत नाही. पंच तो कान देऊन ऐकतो, समोरचे त्याची उतरण जोखतात, आणि आपण मात्र ओठांवर तोच एक शब्द घोळवत, कमरेत वाकून, परक्या अंगणात शिरलेल्या मांजरासारखे पाऊल चाचपत राहतो, कोपऱ्यातली सावली हलते की काय ते बघत, परतीची रेषा पाठीनं मोजत.

आणि घोटा धरला जातो.

डाव्या कोपऱ्यातल्या पोराची ती बोटं. चेहरा मी नंतर पाहिला. बोटं खरखरीत होती, टोकांना बारीक चिरा पडलेल्या. कापूस वेचणारी बोटं. बोंडाची सुकलेली टोकं अशीच चिरतात. सुगीत माझ्या आईची बोटं अशीच असायची. मातीत पालथा पडून, दम तुटलेल्या त्या क्षणी, मला भलतंच घरचं काही आठवलं होतं.

माझा पुतण्या कॅलिफोर्नियात असतो. परवा फोनवर तिकडच्या कॉलेजांच्या फुटबॉलचं कौतुक सांगत होता. आमच्यासारखेच दोन संघ म्हणे पहिल्यांदाच समोरासमोर. पॅसाडेनाच्या त्यांच्या जुन्या सामन्याच्या नावातच गुलाब आहे, आणि त्याच दिवशी तिथं फुलांनी मढवलेल्या रथांची मिरवणूक निघते. 1902 च्या पहिल्या सामन्यात मिशिगननं स्टॅनफर्डला 49–0 असं लोळवलं. आठ मिनिटं उरली असताना स्टॅनफर्डनं हात टेकले. आम्ही दोनच गुणांनी हरलो, हे मी त्याला दोनदा सांगितलं.

आमच्या सामन्याच्या संध्याकाळी फलाटावर, घोटा धरणाऱ्या त्या पोरानं माझं मनगट उलटून पाहिलं.

"हे कशानं ओरबाडलं गा?"

"गुलाबाचे काटे."

"फुलं तोडणारा हात व्हय! म्हणून सुटंना."

मी डब्यातली दोन कोमेजलेली फुलं दिली. एक त्यानं खिडकीच्या गजात खोचलं, एक कानामागं. गाडी हलली तेव्हा तो दारात उभा राहिला, मांडीवर थाप मारली, आणि दम घेतला: कबड्डी कबड्डी कबड्डी... पोरं हसत होती. मी कान लावून त्याचा दम तुटायची वाट बघत होतो. गाडी भोकरच्या अंगाला वळली, चाकांच्या खडखडाटात तो आवाज मिसळत गेला.

तुटलेला ऐकू आला नाही.