धुराड्याच्या आत

हॉटेलचा भटारखाना स्वच्छ आहे हे आपण कशावरून ठरवतो? ओटा पुसलेला असतो, फरशीवर पाय घसरत नाही, भांडी चकचकीत असतात. फार तर आपण शेगडीवरच्या स्टीलच्या हुडाकडे बघतो. तोही बाहेरून चकचकीत असतो. त्याच्या आत, फिल्टरच्या वर, पाइपमध्ये काय आहे हे बघायला कोणी वाकत नाही, कारण तिथे बघायला वाकावं नाही, चढावं लागतं.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. बी.ई. झाल्यापासून स्क्रीनसमोरच बसलोय. पण आमच्या घरचं पांढुर्ण्याला, नागपूर-बैतूल रस्त्यालगत, भोजनालय आहे. आजोबांनी सुरू केलं, आता काकाजी बघतात. गेली दोन वर्षं त्यातलं एकच काम माझ्याकडे आहे, ते म्हणजे धुराडं. आमच्याकडे हुड, पाइप आणि गच्चीवरचा पंखा या सगळ्याला मिळून अजून धुराडंच म्हणतात, आणि मला तो शब्द डक्टपेक्षा बरा वाटतो.

ज्यांनी आमचा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पांढुर्णा आणि सौंसर मध्य प्रदेशात, पण घरातली भाषा मराठी. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं. कागद हिंदीत, भांडण मराठीत आणि जेवण पक्कं नागपुरी. म्हणजे सावजी रस्सा, त्यावर बोटभर तर्री, सकाळी तर्री-पोहे, दिवसभर आलुबोंड्यांची कढई. संत्र्याच्या मोसमात ट्रकवाल्यांची रीघ लागते, तेव्हा तर शेगड्या विझतच नाहीत. हे सांगायचं कारण, धुराड्यात काय साचतं हे शेवटी खाली काय शिजतं यावर ठरतं. वरण-भाताच्या स्वयंपाकघरातून मुख्यतः पाण्याची वाफ वर जाते. आमच्याकडून तेल जातं.

फोडणीचा जो ठसका रस्त्यापर्यंत येतो आणि ज्यामुळे गिऱ्हाईक गाडी थांबवतं, तो ठसका म्हणजे तेलाचे बारीक कण आणि वाफ. पंखा ते वर ओढतो. हुडातले तिरपे पत्र्याचे फिल्टर, ज्यांना बॅफल म्हणतात, ते हवेला झटकन वळायला लावतात. हवा वळते, पण जड थेंबांना वळता येत नाही. ते पत्र्यावर आदळतात आणि ओघळून खालच्या पन्हळीत जातात. युक्ती साधी आणि छान आहे. पण ती फक्त मोठ्या थेंबांना अडवते. अगदी बारीक कण आणि वाफ पुढे पाइपमध्ये जातात. तिथे पत्रा थंड असतो. चहाच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून पाणी धरतं तसं तिथे तेल धरतं, त्यावर काजळी बसते, पुन्हा तेल, पुन्हा काजळी. वर्षभरात त्याचा मेणचट, काळा, लाखेसारखा थर होतो. जिथे पाइप वळतो, त्या कोपऱ्यात सगळ्यात जास्त.

आता खाली कढईतलं तेल पेटलं असं धरा. तेल फार तापलं, साधारण साडेतीनशे अंशांच्या पुढे गेलं, की त्याला ठिणगीचीही गरज लागत नाही. चांगला आचारी झाकण घालून ती आग विझवतो, बाहेर कुणाला कळतही नाही. पण तेवढ्या वेळात पंख्याने ज्वाळा वर ओढलेली असू शकते. वरचा थर एकदा पेटला की पंखा लोहाराच्या भात्याचं काम करतो. आग आता कढईत नाही, भिंतीत आणि छताच्या वर आहे, आणि खाली उभ्या असलेल्या माणसाला वाटतं की आपण ती विझवली.

मागच्या उन्हाळ्यात एका नातेवाइकांच्या लग्नात मी हे जवळून पाहिलं. लॉन कुठलं ते सांगत नाही. पुऱ्यांची कढई पेटली. एक पोरगा बादली घेऊन धावला. म्हाताऱ्या आचाऱ्याने त्याला कोपराने ढकललं आणि कढईवर परात उपडी घातली. त्या आचाऱ्याचे पाय धरावेत असं ते काम होतं. एक लिटर पाण्याची वाफ होते तेव्हा तिला सुमारे १,७०० लिटर जागा लागते. उकळत्या तेलाच्या तळाशी गेलेलं पाणी असं फुगलं की ते पेटतं तेल घेऊनच बाहेर येतं. कढई विझली, पण पाच मिनिटांनी गच्चीवरच्या पाइपातून लाल जीभ दिसायला लागली. मांडवातली मंडळी तंदूरचा धूर समजून जेवत होती. सुदैवाने पाइप उघड्यावर होता, जवळ काही नव्हतं, आणि आतलं जळून आपोआप शांत झालं. लॉनच्या ऑफिसात आगीचा दाखला फ्रेम करून लावलेला होता. खोटा नव्हता तो. दाखला देणाऱ्याने सिलिंडरचे काटे आणि तारखा बघितल्या असतील. पाइपात कोण डोकावणार?

त्या रात्री मी काकाजींना विचारलं, आपलं धुराडं शेवटचं कधी खोललं होतं?

"तीस वर्षं झाले, काई झालं का? तू पुण्यात बसून आमाले आग शिकवतं!"

काकाजींना राग आला कारण ते स्वच्छतेचे मोठे भोक्ते. फिल्टर दर सोमवारी धुतले जायचे हे खरंच होतं. पण फिल्टरच्या वर? आचारी म्हणाला, ते पंख्याच्या मिस्त्रीचं काम. मिस्त्री म्हणाला, मी मोटर बघतो, पाइप नाही. काकाजींना वाटायचं पोरं करतात. पोरांना कोणी सांगितलंच नव्हतं. आमच्या कामातही नेमकी अशीच जागा फुटते, दोघांच्या मधली, पण तिथे फार तर वेबसाइट बंद पडते.

आणि इथे ती पोरं होती. आमच्याकडे कामाला चार पोरं आहेत, आसपासच्या गावांची. रात्री अकराला हॉटेल बंद झाल्यावर त्यांना घरी जायला गाडी नसते, म्हणून ती भटारखान्यावरच्या पोटमाळ्यावर झोपायची. त्याच पोटमाळ्यातून धुराड्याचा पाइप जातो. थंडीत पाइप कोमट असतो म्हणून त्याला लागून गाद्या घातलेल्या. मी टेपने मोजलं, पाइप आणि गादी यांत वीतभरही अंतर नव्हतं.

मोठ्या शहरांतल्या ज्या आगी आपण बातम्यांत वाचतो आणि विसरतो, त्यांत हा पोटमाळा पुन्हा पुन्हा येतो. १६ ऑक्टोबर २०१५ ला मुंबईत कुर्ल्याच्या 'सिटी किनारा' हॉटेलात गॅसची गळती होऊन आग लागली. आठ जण गेले, बहुतेक कॉलेजची मुलं, वर पोटमाळ्यावर जेवायला बसलेली. १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे साकीनाक्याला खैरानी रोडवर फरसाणाच्या दुकानाला आग लागली. बारा कामगार गेले, ते तिथेच झोपलेले होते. त्यानंतर अकराच दिवसांनी कमला मिलची आग लागली, चौदा माणसं गेली आणि साकीनाका लोकांच्या आठवणीतून पुसलं गेलं. या तिन्ही आगी धुराड्याने लागल्या असं मी म्हणत नाही. खाली विस्तव आणि वर माणसं, जायला एकच वाट, एवढं आमच्याकडेही तसंच होतं. धुराड्याचीच आग पाहायची तर अमेरिकेत बॉस्टनला २९ ऑगस्ट २००७ ला 'टाय हो' नावाच्या चिनी हॉटेलात लागलेली आहे. तेलकट धुराड्याच्या आसपास, छताच्या वरच्या पोकळीत ती धुमसत राहिली. विझवायला आत गेलेले अग्निशमन दलाचे दोन जवान परत आले नाहीत.

अमेरिकेत यासाठी एनएफपीए या संस्थेचं ९६ क्रमांकाचं मानक आहे. आपल्याकडच्या मोठ्या हॉटेलांचे सल्लागारही त्याचाच आधार घेतात. मी ते वाचलं आणि मला त्यातलं शहाणपण आवडलं. ते सगळ्यांना एकच नियम लावत नाही. लाकूड-कोळशावर शिजवत असाल तर धुराडं दर महिन्याला तपासा, चोवीस तास तळण असेल तर तीन महिन्यांनी, मध्यम काम असेल तर सहा, आणि चर्च किंवा शिबिरासारखं अधूनमधून चालणारं स्वयंपाकघर असेल तर वर्षातून एकदा. थर किती झाला हे मोजायला कंगव्यासारखी एक छोटी पट्टी असते. दोन मिलिमीटर भरला की साफ करायलाच हवा. पाइप साध्या पोलादाचा असेल तर पत्रा किमान १.३७ मिलिमीटर जाड, सांधे अखंड वेल्डिंगचे, म्हणजे तेल झिरपणार नाही असे. जळणाऱ्या वस्तूंपासून अंतर १८ इंच. आणि वळणाच्या जागी उघडता येईल असं झाकण.

आमच्या पाइपात यातलं काहीच नव्हतं. पातळ जस्ती पत्रा, दुमडून ठोकलेले सांधे, आणि झाकण तर नाहीच. सीमेपलीकडे महाराष्ट्रात २००६ चा आगीचा कायदा आहे. त्यात परवानाधारक एजन्सीकडून तपासून घेऊन दर जानेवारीत आणि जुलैत बी फॉर्म द्यावा लागतो. आमच्याकडे तसा सहामाही हिशोब कोणी मागत नाही. म्हणून आम्हीच मागायचं ठरवलं.

पहिल्यांदा धुराडं खोललं ते एका सोमवारी रात्री. गॅस बाहेर सिलिंडरपाशीच बंद केला, पंख्याची वायर सोडवली. वेल्डर म्हणाला, ग्राइंडरने कापतो, दहा मिनिटांचं काम. त्याला थांबवलं. तेलाने भरलेल्या पाइपावर ठिणग्या पाडणं म्हणजे आगच लावणं. नटबोल्ट होते तिथून तुकडे सोडवले आणि पत्र्याच्या पट्ट्यांनी हाताने खरवडलं. वळणाच्या जागी अंगठ्याच्या पेरापेक्षा जाड थर होता. निघालेला ऐवज तेलाच्या रिकाम्या पंधरा किलोच्या डब्यांत भरत गेलो. अडीच डबे भरले. काकाजी गल्ल्यापाशी बसून होते. दुसरा डबा भरला तेव्हा उठून आले, डब्यात बोट घालून बघितलं आणि म्हणाले, "बाप्पा! हे तर आपल्याच पैशाचं तेल आहे." आग जे पटवू शकली नव्हती ते हिशोबाने पटवलं.

खरवडून झाल्यावर गरम पाण्यात कॉस्टिक सोडा. तो तेलाचा साबण करतो, मग ते पाण्याबरोबर निघून जातं. हातमोजे आणि चष्मा घालूनच. फिल्टर अ‍ॅल्युमिनियमचे असतील तर कॉस्टिक अजिबात नको. तो धातूच खातो आणि त्यातून हायड्रोजन निघतो. गंमत म्हणजे तेलाच्या आगीसाठीचं जे खास अग्निशामक असतं, एफ वर्गाचं, तेही हीच युक्ती करतं. त्यातलं पोटॅशियमच्या क्षारांचं द्रावण पेटत्या तेलावर साबणाचा फेस धरतं, हवा तोडतं आणि तेल थंडही करतं. आपण सगळीकडे टांगतो तो एबीसी पावडरचा लाल डबा ज्वाळा विझवतो, पण तेल तापलेलंच राहतं आणि पुन्हा पेटतं. आम्ही एफ वर्गाचा एक घेऊन दाराजवळ लावला, कढईजवळ नाही. कढई पेटल्यावर तिच्या मागे हात घालून डबा कोण काढणार?

हुडात आपोआप सुटणारी यंत्रणाही मिळते. तिचं अंदाजपत्रक बघून काकाजींनी मला चहा पाजला आणि विषय बदलला. तो विषय मी सोडलेला नाही.

लोक मला विचारतात, तू तर सॉफ्टवेअरवाला, एखादं अ‍ॅप का नाही केलंस? गल्ल्यामागे कालनिर्णय आहे, त्यावर दर तीन महिन्यांनी एका सोमवारला लाल गोल आहे, तेवढं पुरतं. फक्त एक केलं. वळणावर आता झाकण आहे. ते उघडून त्याच जागेवरून, त्याच कोनातून आतला फोटो काढायचा आणि घरच्या ग्रुपवर टाकायचा, धुण्याआधी एक आणि नंतर एक. लग्नाच्या फोटोंमध्ये अधूनमधून एक काळा पाइप येतो, आत्या वैतागते.

घरी चिमणी असलेल्यांनीही एकदा वर बघावं. ऑटोक्लीन लिहिलेलं असलं तरी ते पंख्यापुरतं असतं, खिडकीबाहेर जाणाऱ्या पाइपापुरतं नाही. जाळीचा फिल्टर असेल तर तो आणखी लवकर धुवा. जाळी तेल धरून ठेवते, ओघळू देत नाही. आणि गणपतीच्या महाप्रसादासाठी मंडळ जो हॉल घेतं, तिथलं स्वयंपाकघर त्या वर्षातून एकदा तपासायच्या वर्गातलं. हॉल ठरवताना पार्किंग आणि एसीबद्दल आपण बारा प्रश्न विचारतो. तेराव्या प्रश्नाला धुराडं कधी धुतलं हे विचारलं तर मॅनेजर जरा गोंधळेल, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

पोटमाळ्यावर आता फक्त स्टीलची रिकामी भांडी आहेत. पोरांसाठी मागच्या गल्लीत एक खोली घेतली आहे. भाडं हॉटेलच्या खर्चात धरायचं की पोरांच्या पगारातून कापायचं यावर काकाजींची आणि माझी दोन महिने जुंपली. सध्या हॉटेलच देतंय. गच्चीवरचा पाइपाचा शेवटचा तुकडा मात्र अजून जुन्या पातळ पत्र्याचाच आहे आणि शेजारच्यांच्या संत्र्याच्या लाकडी पेट्यांच्या शेडला फार जवळ आहे. वेल्डरने पोळ्यानंतरची तारीख दिली आहे. गोटमारीच्या दिवशी गावात कोणी हाताला लागत नाही, म्हणून त्यानंतरचा सोमवार.