पियूषच्या पेल्यापासून परळपर्यंत

"बाई, जिवाणू कुठे राहतात?" असं माझ्या वर्गातल्या मुलांनी विचारलं, म्हणून मी त्यांना घेऊन सरळ दादरला गेले.

स्टेशनाजवळ आधी पियूष प्यायलो. पेले रिकामे झाल्यावर मी हळूच सांगितलं, "हे जिवाणूंनीच केलंय बरं का!" एकीनं तोंडच वाकडं केलं. पण पियूष श्रीखंड-ताकाचं आणि ही दोन्ही दह्याची. दुधात विरजण घातलं की त्यातले जिवाणू दुधातली साखर खातात, आम्ल तयार करतात आणि दूध घट्ट होतं. त्यांना ऊब लागते, म्हणून थंडीत आईचं दही लवकर लागत नाही.

टिळक पूल ओलांडून हिंदू कॉलनीत शिरलो. सरळ, रुंद गल्ल्या, दुतर्फा झाडं. आता गंमत ऐका. या गल्ल्यासुद्धा एका जिवाणूमुळे झाल्या! पण हा दह्यातल्यासारखा गुणी नव्हे, प्लेगचा. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग आला. हजारो माणसं मेली, लाखो शहर सोडून पळाली. कोंदट वस्तीमुळे रोग पसरतो असं सरकारला वाटलं. म्हणून १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला आणि त्यानं पुढे दादर-माटुंग्याला मोकळी वस्ती आखली. खरा गुन्हेगार होता उंदरावरची पिसू! कारण अर्धवट कळलं होतं, पण रस्ते झाले झकास.

तिथून बसनं परळ. हाफकिन संस्थेच्या फाटकाशी उभं राहून मी मुलांना वाल्देमार हाफकिन यांची गोष्ट सांगितली. प्लेग आल्यावर ते मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एवढीशी जागा मिळाली. मांसाच्या रश्शावर चक्क तुपाचे थेंब सोडून त्याखाली ते प्लेगचे जिवाणू वाढवत, मग उष्णतेनं मारून त्यांची लस करत. पण ती टोचायची कुणाला? १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, दुखलं, पण ते बरे झाले. १८९९ पासून त्यांची प्रयोगशाळा इथे, गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात आली.

सगळे गप्प. मग एक जण म्हणाला, "बाई, त्यांच्या आईला माहीत होतं का?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. परतताना बसमध्ये पियूषला तोंड वाकडं करणारी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आज विरजण मी लावणार."