पाण्याचा ताळेबंद

आमच्या ठाण्याच्या सोसायटीने खाऱ्या पाण्याचा पोहण्याचा तलाव बांधला आणि त्याचे पाणी 'बॅलन्स' करण्याचे काम एकमताने माझ्या गळ्यात घातले. कारण काय, तर "तुम्ही बँकेत आहात ना!" रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीलाच संपला. पण बी.कॉम. झालेल्या माणसाला बॅलन्स या शब्दापुढे 'नाही' म्हणता येत नाही.

खारे पाणी म्हणजे समुद्राचेच, अशी तळमजल्यावरच्या आजींची समजूत. प्रत्यक्षात समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. आमच्या तलावात जेमतेम ३. रोजची आमटीसुद्धा याहून खारट! तरी लाखभर लिटर पाण्याला ५० किलोची सहा पोती लागली. तीही नवे प्लास्टर महिनाभर मुरू दिल्यावर.

या मिठाच्या पाण्यातून वीज गेली की क्लोरीन तयार होतो. तो जंतू मारतो आणि पुन्हा मीठ होतो. म्हणजे मुद्दल शाबूत आणि व्याजावर संसार! असा खातेदार मी तेवीस वर्षांत पाहिलेला नाही.

खरा छळ पीएचचा. तो ७.२ ते ७.८ मध्ये हवा. पण नवे प्लास्टर चुना सोडत राहते, क्लोरीनचे यंत्रही पीएच वरच ढकलते. त्यामुळे पहिले काही महिने तो महागाईसारखा चढतच असतो. तो ८ वर गेला, की चाचणीत क्लोरीन दिसतो पुरता, पण त्यातला जेमतेम पाव हिस्सा जोमाने कामाला लागतो. पासबुकात लाख रुपये आणि काउंटरवर मिळणार पंचवीस हजार! मग मोजून आम्ल ओतायचे. आम्ल पाण्यात, पाणी आम्लात कधीच नाही. शिवाय अल्कलिनिटी नावाची गंगाजळी सांभाळायची. ती आटली, की पीएच शेअर बाजारासारखा नाचू लागतो.

महाराष्ट्रदिनी उद्घाटन ठरले. आदल्या संध्याकाळी नळीतले पाणी लालभडक झाले. पीएच ८.२!

सेक्रेटरी हळूच म्हणाले, "पाहुणे ठरलेत हो. वहीत साडेसात लिहा ना. कोण बघतंय?"

मी म्हटले, "साहेब, एका रुपयाचा फरक सापडेपर्यंत आम्ही घरी जात नाही. इथे तर साठ पोरांचे डोळे आहेत."

उद्घाटन चार दिवस पुढे गेले. सेक्रेटरी अजून माझ्याशी बेताचेच बोलतात.

बँकेत संध्याकाळी ताळा जमला, की दिवस बंद होतो. पाण्याचा हिशेब मात्र ऊन, पाऊस आणि पोरे मिळून रोज मोडतात. सकाळी सहाला खांद्यावर टॉवेल टाकून ती फाटकापाशी हजर असतात.

"काका, आज पाणी टॅली झालं का?"

आजवर कुठल्याही मॅनेजरने मला इतक्या कळकळीने विचारलेले नाही.